रिकामा म्हणायचं नाही

ज्या दुकानात पाय ठेवल्याबरोबर गिऱ्हाइकाला आधी बोलणी बसतात आणि तरी रांग तुटत नाही, असं अकोल्यात एकच दुकान होतं. माझ्या नशिबानं त्याच्या आणि माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एकेरी विटेची भिंत होती. त्या भिंतीला मी कधी खिळा ठोकला नाही. गरजच नव्हती. पलीकडून नसीम मॅडमचा आवाज आला की समोरच्या भिंतीवरचं माझं कॅलेंडर उडून पुढचा महिना दाखवायचं. मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. म्हणोत. पण समोरच्या कचेरीच्या पत्र्यावरची कबुतरं मॅडमनी शटर उघडलं की उडायची आणि शटर पडलं की परत येऊन बसायची, हे त्या कचेरीतल्या चपराशानं माझ्यापाशी शपथेवर सांगितलेलं आहे.

मॅडम मूळच्या अचलपूरच्या. वडिलांचं तिथं बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचं काम. घणाचे घाव चालू असताना घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे, त्यातून हा गळा तयार झाला. अकोल्यात त्या टायपिंग शिकवायला आल्या. इंग्रजी चाळीस, मराठी तीस, दोन्ही पास करून देण्याची हमी. अर्ध्या जिल्ह्यातले कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यामुळं कोणत्याही कचेरीत मॅडम शिरल्या की निम्म्या टेबलांवरचे लोक पाठ ताठ करून, मनगटं उचलून बसायचे. डोक्यावर पांढरी ओढणी, गळ्यात दोरीचा चष्मा, आणि पायांत काळे बूट. पोलीस खात्यातल्या बायका घालतात तसे. सँडल का नाही, असं मी एकदा विचारलं.

"गजूभाऊ, सँडल घालून माणूस फक्त लग्नाले जाऊ शकते," मॅडम म्हणाल्या. "मले कुठंबी जावं लागते."

स्वतःच्या लग्नाचं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आले होते ना तीन-चार जण. स्पीडमधी फेल झाले."

पुढं टाइपरायटर भंगारात गेले आणि मॅडमनी कॉम्प्युटर आणला. ओढणी कमरेला बांधून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्याला दम दिला. मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. तो कॉम्प्युटर त्यानंतर वर्षानुवर्षं एकदाही बंद पडला नाही. माझा, त्याच दुकानातून त्याच दिवशी घेतलेला, आठवड्याला पडायचा.

त्या वर्षांत लोक पेनड्राइव्ह ताइतासारखा गळ्यात घालून हिंडायचे. सगळा संसार त्यात. ग्रामसेवकाचे ठराव, वकिलाचे दावे, उपवर मुलीचा बायोडाटा, भजनी मंडळाची वर्गणी. आणि नेमका तेव्हाच तो व्हायरस आला. पेनड्राइव्ह लावावा तर फाइली गायब, नुसते शॉर्टकट उरलेले, आणि ते दाबले की काहीच उघडत नाही. अकोल्यात एप्रिलमध्ये डांबर वितळतं तसे त्या वर्षी लोकांचे पेनड्राइव्ह वितळले. मॅडम पुसलेलं परत काढून देतात, हे ऐकून तोंड पाडून माणसं यायची आणि दारातूनच सांगायची, "मॅडम, खाली झाला वो."

इथं पहिली तोफ सुटायची.

"खाली म्हणायचं नाही. रिकामा म्हणायचं नाही. दिसत नाही म्हण."

"दिसत नाही, मॅडम."

"हां. आता बस. अन् हात मांडीवर ठेव."

मग त्या समजावून सांगायच्या, आणि समजावणं म्हणजे काय, चौकातला पानवाला चुना लावायचा थांबून ऐकायचा. "तलाठ्यानं कागदावरून तुह्यं नाव काढलं, तर वावर उठून कुठं चाललं जाते का? वावर तेथीच राह्यते. कागद म्हणते, कोणाचंच नाही, कोणीबी घ्या. तसंच हे. फाइल तेथीच हाय, निस्तं नाव पुसलं. पण त्याच्यात दुसऱ्या कोणं नांगर घालाच्या आंधी आपण पोहोचलो पायजे. तू नांगर घातला का?"

म्हणजे, त्यावर नवं काही भरलंस का. खरा प्रश्न एवढाच असायचा. पेनड्राइव्ह हाती आला की मॅडम आधी त्याची हुबेहूब नक्कल काढायच्या आणि पुढची सगळी शोधाशोध त्या नकलेवर. मूळ वस्तू बांगड्यांच्या पुठ्ठ्याच्या डब्यात, डबा कुलपात. सापडलेलं सगळं नव्या पेनड्राइव्हवर. जुन्यावरच परत टाकून द्या असं कोणी म्हणालं, की, "ज्या विहिरीतून माणूस वर काढला, त्याले सुकवून पुन्हा तेथीच सोडू का?"

माणसं मात्र खोटं बोलायची. डॉक्टरशी बोलणार नाहीत इतकं. 'मी काहीच केलं नाही' हे वाक्य त्या दुकानात जितक्यांदा उच्चारलं गेलं तितकं अकोल्याच्या कोर्टातही नसेल. एकदा अमरावतीहून एक प्राध्यापक आले. कपाशीवरच्या किडीवर प्रबंध, सगळा पेनड्राइव्हमध्ये, आणि पेनड्राइव्हमध्ये काही दिसत नव्हतं. मी शाईचा डबा मागायच्या निमित्तानं तिथंच उभा.

"काय केलं, सर?"

"काहीच नाही."

मॅडमनी चष्मा लावला. प्राध्यापकांनी घाम पुसला.

"कॉम्प्युटरनं विचारलं, फॉर्मॅट करायचं का. मी हो म्हटलं."

"काहून?"

"त्यानं विचारलं म्हणून."

"उद्या त्यानं विचारलं, सर, दुसरं लग्न लावून देऊ का, तर घरी विचारसान का नाही?"

प्रबंध मिळाला. त्याच्याबरोबर कवितांचं एक फोल्डरही वर आलं आणि त्या कविता बहुधा बायकोवर केलेल्या नसाव्यात, कारण प्राध्यापकांचा चेहरा मोसंबीसारखा पिवळा झाला. मॅडमनी ते फोल्डर न उघडता बाजूला सारलं. "तुमी कीड मागतली. कीड भेटली. बाकीचं माह्या डोयाले दिसत नाही." जिभेला हाड नसलेली ती बाई लोकांच्या पुसलेल्या गोष्टी मात्र पोटात घेऊन बसली होती. त्या पोटातून मी इतक्या वर्षांत एक अक्षर काढू शकलो नाही, आणि मी कोणाकडून काय काढलं नाही ते अकोल्यात विचारा.

बकरीची गोष्टही सांगून टाकतो. हिवरखेडचे एक सोसायटीचे सचिव पेनड्राइव्हऐवजी थेट बकरी घेऊन आले. पेनड्राइव्ह बकरीच्या आत होता. मॅडमनी बकरीला खालीवर पाहिलं आणि माझ्या दारात बांधायला सांगितली. तिनं पेनड्राइव्ह द्यायच्या आधी माझ्या दुकानातली उतारे काढलेली एक चवड खाल्ली. अखेर दिला. धुतला, तांदळाच्या डब्यात वाळवला, आणि तो चालला. ती बकरी पुढं हुकूम मिळाल्याशिवाय पाल्याला तोंड लावायची नाही, इतकी शिस्त तिला त्या मुक्कामात लागली, असं सचिव सांगत. तेवढं मात्र मी पाहिलेलं नाही.

ते दिवस असे होते की वऱ्हाड म्हटलं की मुंबई-पुण्याचा माणूस आवाज खाली करायचा, जणू आम्ही सगळे पलीकडच्या खोलीत शेवटचे श्वास मोजतो आहोत. कॅमेरे भरलेल्या गाड्या यायच्या. हॉटेलवाले त्यांना चहाबरोबर दुःखाचे पत्तेही सांगायचे. त्यातलाच एक वार्ताहर मॅडमच्या दुकानात आला. चित्रीकरण पेनड्राइव्हवर घेतलं होतं, पुसलं गेलं होतं, संध्याकाळी पाठवायचं होतं.

मॅडमनी शोधलं. एक बाई, अंगणात तूर पाखडत बसलेली. पहिल्या तुकड्यात ती हसत होती. पोरीला शाळेत बक्षीस मिळालं ते सांगत होती, सूप थांबत नव्हतं. दुसऱ्या तुकड्यात वार्ताहराचा आवाज, "जरा तिकडं पाहा. हां. आता पुन्हा एकदा, डोळे पुसत." बाईनं पुसले. पाहुण्याचं मन कशाला मोडा.

"हे पयलं कोणं पुसलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"ते मीच. ते नको होतं."

"तुले नको होतं. तिले पायजे होतं."

"मॅडम, बातमी रडण्याची आहे."

"मंग तू रड. तुह्या अंगणात बसून रड. सूप देऊ का आणून?"

त्याचं सगळं त्यांनी काढून दिलं. कामात कुचराई नाही. पण हसणारा तुकडा सगळ्यांत वर ठेवला आणि त्याला नाव दिलं, 'आधी हे दाखवणे'. त्यानं दाखवलं की नाही, माहीत नाही. माझ्या टीव्हीवर ते चॅनल दिसत नव्हतं.

आता सावरखेडचं.

हे गाव बार्शीटाकळीकडचं. तिथल्या सरपंच विमलताई आणि त्यांचे दीर नामदेव एका दुपारी मॅडमच्या दुकानात आले. विमलताई सुकलेल्या अंगाच्या, नजर न हलणारी. नामदेव म्हणजे दारातून आडवा आत येणारा गडी, पण त्या दिवशी इतका आकसलेला की उभा आला.

झालं असं होतं. पाऊस वेळेवर, ओल हाताला लागणारी, पेरणी नेटकी, आणि सोयाबीन जमिनीत कुजलं. अख्ख्या शिवारात एकाच कंपनीचं बियाणं. पाहणीला कोणी येईना, तेव्हा विमलताई फोन घेऊन वावरा-वावरातून फिरल्या. उकरून उघडी केलेली तासं, त्यांत दोन बोटांवर कुजलेलं बी, पिशवीवरची चिठ्ठी, सगळं टिपलं. प्रत्येक फाइलला शेतकऱ्याचं नाव दिलं. फोन भरला म्हणून सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, फोनमधलं पुसलं, आणि तो फोन पुढं पाण्याच्या टाक्यात पडून मेला. वावरं तर थांबू शकत नव्हती. लोकांनी वखर फिरवून दुसऱ्यांदा पेरलं. म्हणजे जमिनीवरचा पुरावा गेला, उरला तो पेनड्राइव्हमध्ये. अमरावतीला सुनावणी लागली होती, आणि कंपनीचं म्हणणं एका ओळीचं होतं. बियाणं चोख, शेतकऱ्यांनी खोल पेरलं.

"पैशाचं पुढचं पुढं पाहू, मॅडम," विमलताई म्हणाल्या. "पण कागदावर येईन का सावरखेडले पेरता येत नाही. पेरणीतील दोष, असं लिहिते म्हने. माह्या आज्यासासऱ्यानं धुळीत पेरून पीक काढलं. आमाले पेरता येत नाही?"

"मंग पेनड्राइव्हले काय झालं?"

विमलताईंनी दिराकडं पाहिलं. दिरानं छताकडं.

"बोल गा, नामदेव."

"दुसऱ्या पेरणीले गाणे नोयते, मॅडम," नामदेव म्हणाला. "हा पेनड्राइव्ह फळीवर होता. ट्रॅक्टरच्या डब्यात लावला, तर थो डबा म्हने फाइल नाही. म्हटलं, खाली हाय. मंग मोबाइलच्या दुकानातून फॉर्मॅट करून गाणे भरून आणले."

ट्रॅक्टरच्या डब्याला, म्हणजे टेपला, गाणी तेवढी कळतात, व्हिडिओ कळत नाहीत. मॅडम उठल्या. मी हातातल्या शाईच्या बाटल्या पोटाशी धरल्या.

"गाणे ऐकत ऐकत गावाचा पुरावा पेरून टाकला?"

"हो, मॅडम."

"उगवलं का?"

"हो, मॅडम. हे दुसऱ्या कंपनीचं उगवलं."

मॅडमनी बोलणी अर्धवट सोडून पेनड्राइव्ह हातात घेतला. असा प्रसंग मी तेवढाच पाहिला.

नक्कल काढली, शोध सुरू केला, आणि लाइट गेली. भारनियमनाच्या काळात लाइट जाणं ही बातमी नव्हती, येणं ही होती. मॅडमचा इन्व्हर्टर दमला तेव्हा त्यांनी भिंतीवर बूट आपटला. त्या भिंतीत आता भोक पडलं, आणि भोकातून माझ्या इन्व्हर्टरची वायर पलीकडं गेली. माझं गिऱ्हाईक परत गेलं. मी तक्रार केली नाही. करून पाहायची हिंमत कोणात होती?

सापडलं. पण गाण्यांनी जेवढी जागा धरली होती तेवढं कायमचं गेलं होतं, आणि बाकीचं वर आलं ते बिनानावाचं. शेतकऱ्यांची नावं नाहीत, तारखा नाहीत, नुसते आकडे. वाऱ्यानं आवाजही खाल्लेला. पडद्यावर एकामागून एक काळी वावरं आणि पांढरं आभाळ. कोणाचं कोणतं, काही कळेना.

"मी वळखतो, मॅडम," नामदेव खुर्ची ओढत म्हणाला.

"हात मांडीवर." मॅडमनी पडदा फिरवून स्वतःकडं घेतला. "एकानंबी पाहायचं नाही. न तू, न विमलताई. आज पाहिलं तर साहेब म्हणतीन, पाठ करून आणलं. अमरावतीले पाहायचं, सायबासमोर, पयल्यांदा."

"अन् तेथी नाही वळखलं तर?" विमलताईंनी विचारलं.

"तर मी तोंड काळं करून येईन. पण तुमचं वावर तुमी नाही वळखलं, तर माह्यापेक्षा जास्त काळं तुमचं होईन."

सुनावणीच्या दिवशी एसटीनं सावरखेडचे सगळे शेतकरी अमरावतीला निघाले. मी निघालो कारण मॅडमनी मला मॉनिटर धरायला सांगितलं. कॉम्प्युटरचा डबा त्यांच्या मांडीवर. लॅपटॉपवर त्यांचा भरवसा नव्हता. मांडीवर बसणारी वस्तू कामाची नसते, असं त्यांचं मत, आणि ते त्यांनी मांडीवर डबा घेऊन मूर्तिजापूरपर्यंत सगळ्या एसटीला पटवलं. अमरावतीच्या त्या कचेरीतला प्रोजेक्टर दुरुस्तीला दिलेला होता. मॅडम कारकुनाच्या टेबलाशी जाऊन "स्पीड किती होता रे तुहा?" असं विचारून आल्या आणि प्रोजेक्टर कपाटातच सापडला.

सुनावणी घेणारे साहेब मधल्या वयाचे, कमी बोलणारे. कंपनीचा माणूस इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातला, बोलणं गोड.

"साहेब, फाइलींना नावं नाहीत, तारखा नाहीत," तो म्हणाला. "काळी माती काय, महाराष्ट्रभर आहे."

"म्हणूनच तुमी लावा, साहेब," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मनानं, कोणतीबी. गावानं अजून एकबी पाहिली नाही. मी तर तिकडं पाहतच नाही." आणि खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसल्या.

साहेबांनी एक लावली. भिंतीवर काळं वावर, उघडी तासं, कडेला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणाचा पट्टा. गाव पाहत राहिलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पांढऱ्या सदऱ्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि सावकाश प्याला. विमलताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पाठमोऱ्या मॅडमचा एक बूट जमिनीवर हलायला लागला.

"थो दगड पाय," नामदेव पुटपुटला.

"कोणता?" हे पुंजाराम. नामदेवचा चुलतभाऊ. दोघं कित्येक वर्षं बोलत नव्हते.

"धुऱ्यावरचा. जो तू माह्याकडं सरकवला."

"म्या सरकवला? तुह्या बापानं धुऱ्यात नांगर घातला, तवा गेला थो तेथी."

"माह्या बापाले मधात आणू नको. पाय ना, दगडाच्या इकडं गवत केवढं हाय. हा धुरा होता इकडं."

"गवत तूच लावलं."

"गवत लावते का कोणी?"

दोघं उठून भिंतीपाशी गेले आणि प्रोजेक्टरच्या उजेडात एकमेकांच्या अंगावर हात नाचवायला लागले. वावर त्यांच्या सदऱ्यांवर उमटलं. पांढऱ्या सदऱ्याचा माणूस हसला. साहेब हसले नाहीत. ते उभे राहिले होते.

"थांबा. धुऱ्याच्या अलीकडचं वावर कोणाचं?"

"याचं," नामदेव पुंजारामकडं बोट करत म्हणाला.

"आणि पलीकडचं?"

"त्याचं," पुंजाराम म्हणाला.

"गट नंबर?"

दोघांनी आपला सांगून झाल्यावर न विचारता दुसऱ्याचाही सांगितला. जमीन इतकी पाठ. साहेबांनी कारकुनाकडून नकाशा मागवला. धुरा होता, दगडाची खूणही होती, आणि वाद जुना होता.

"साहेब, हे ठरवून केलेलं नाटक आहे," पांढरा सदरा म्हणाला.

"धुऱ्याचं भांडण?" साहेब म्हणाले. "ठरवून?" कारकुनानं खाकरल्याचं करून तोंड लपवलं. साहेबांचं गाव दर्यापूरकडं कुठंतरी होतं म्हणतात.

भिंतीकडं तोंड केलेल्या मॅडम तेवढ्यात बोलल्या. "साहेब, त्या नामदेवची फाइल गाण्याखाली गेली असली तरी काही बिघडत नाही. त्याचं वावर पुंजारामच्या फाइलीत उभं हाय, धुऱ्यापलीकडं. लिहून घ्या."

मग कोणाला थांबवता? साहेब फाइल लावत गेले आणि गाव भांडत गेलं. कोणाची म्हैस कोणाच्या तुरीत शिरली, कोणी बांधावरचा निंब रातोरात तोडला, पाइप कोणी वाकवला. प्रत्येक भांडणाला दोन वावरं निघत होती, एक टिपलेलं आणि एक शेजारचं. गाण्यांनी खाल्लेली वावरं शेजाऱ्यांच्या फाइलींतून एकेक करून उठून उभी राहिली. त्या दिवशी अमरावतीत इतकी भांडणं निघाली की खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्या खात्याची दोन-चार जुनी प्रकरणं आपोआप मिटली, असं मी ऐकलं.

एक राहिलं. विमलताईंचं स्वतःचं. त्यांच्या वावराच्या एका अंगाला नाला, बाकी अंगांना जंगलखात्याची जमीन. भांडायला शेजारीच नाही. फाइल पूर्ण गाण्याखाली गेलेली. कारकुनानं सगळ्यांच्या नावांपुढं बियाणे सदोष असं लिहिलं आणि विमलताईंच्या नावापुढं, पेरणीतील दोष.

"राहू द्या, मॅडम," विमलताई हलक्यानं म्हणाल्या. "गावाचं झालं."

फाइली कोणी काढल्या, म्हणून कागदावर मॅडमची सही लागत होती. मॅडमनी पेन घेतलं, झाकण लावलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून दिलं.

"सही नाही."

"बाई, मग सगळ्यांचंच अडकेल," साहेब म्हणाले.

मी गावाकडं पाहिलं. खरं सांगतो, मला भीती वाटली. जिंकलेला कागद समोर होता. आता नामदेव मॅडमचे पाय धरणार, असं मला वाटलं. नामदेव उठला, आणि खाली फरशीवर मांडी घालून बसला.

"अडकू द्या," तो म्हणाला.

"आमाले काही घाई नाही," पुंजाराम त्याच्या शेजारी बसत म्हणाला. "दुसरी पेरणी झाली. घरी काम नाही." मग बाकीचे बसले. ती कचेरी एसटी स्टँडासारखी दिसायला लागली. कोणीतरी शिदोरी सोडली आणि कांद्याचा वास पसरला. पांढरा सदरा घड्याळ पाहत होता, त्याला संध्याकाळची गाडी होती.

"काय लिहू मग?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"तुमी तिचं वावर पाहिलं का?" मॅडम म्हणाल्या.

"नाही."

"यानं पाहिलं का?"

पांढरा सदरा फाइलीतले कागद चाळायला लागला.

"कोणंच पाहिलं नाही, तर दोष कोणाले दिसला? पाहिलं नाही, एवढंच लिहा. ते खरं हाय."

साहेबांनी कारकुनाच्या हातून कागद घेतला, ती ओळ स्वतः खोडली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं की या वावराची पाहणी झालेली नाही, निष्कर्ष नाही. विमलताईंना त्यातून एक दाणा मिळाला नाही. पण पेरता येत नाही, असं त्यांच्याबद्दल लिहिलेला कागदही कुठं राहिला नाही. त्यांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मॅडमनी सही केली आणि मला म्हणाल्या, "मॉनिटर उचल, गजूभाऊ. झोपला काय?"

पुढं मॅडम अचलपूरला बहिणीकडं राहायला गेल्या. नंतर फोनवर मी त्यांची बोलणी खाल्ली, पण त्यांना डोळ्यांनी पाहिलं ते शेवटचं, त्या जायच्या आधीच्या पेरणीला, सावरखेडात. मला विमलताईंनी जेवायला बोलावलं होतं. नाल्याकाठच्या त्यांच्या वावरात पोहोचलो तर मॅडम तिथं आधीच. एक काळा बूट चिखलात रुतून मागं राहिलेला, दुसरा पायात, ओढणी कमरेला, हात उंच करून फोनमध्ये वावर टिपणं चाललेलं. सोयाबीन नुकतं वर येत होतं, तासं हिरवी दिसायला लागली होती. नामदेवचा ट्रॅक्टर नाल्यापलीकडून गाणं लावून येत होता.

"नामदेव, मधून हट," मॅडम ओरडल्या, आणि नाल्यातले बगळे उडाले. "इकडून घेऊन झालं. आता नाल्याकडून घेते. विमलताई, तुमी इकडं या, वावरात उभ्या राहा. तेथी नाही. मधात. सरळ पाहा माह्याकडं."

विमलताई वावराच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.